खेळातली उडी आणि खरी उडी



आजचा विषय ऐकून काही वडीलधारी मंडळी म्हणतील, "गुरुजींना आता हेच उरलं होतं काय?" विषय आहे मोबाइलवर आणि संगणकावर खेळल्या जाणाऱ्या साहसाच्या खेळांचा, ज्यांना आपली मुले 'गेम' म्हणतात. या खेळांत नायक दऱ्या ओलांडतो, जळत्या पुलावरून उडी घेतो, धावत्या आगगाडीच्या टपावर मारामारी करतो. हे सारे पाहून मनात प्रश्न येतो की असे कधी होईल काय? आणि होणार नसेल, तर मग ते पाहताना खरे का वाटते?

हा प्रश्न माझा नव्हे. आमच्या पातूरच्याच एका घरातला आहे. सातवीतला एक मुलगा ओसरीवर बसून मोबाइलवर खेळत होता. शेजारी त्याचे आजोबा. पडद्यावरचा नायक उंच कड्यावरून खाली पडला आणि पडता पडता त्याने एका हाताने एक लोखंडी गज धरला. आजोबा म्हणाले, "काय रे बाप्पा, हात उखडून नाही येत त्याचा?" नातू म्हणाला, "आबा, गेम हाय तो." आजोबा म्हणाले, "गेम हाय तं हाय, पण लागाले तं पाह्यजे का नाही?" नातू मोठा चलाख. तो म्हणाला, "अन् तुमच्या तानाजीची घोरपड? थे कशी चालते तुमाले?"

आजोबा गप्प झाले. दुसऱ्या दिवशी दोघेही माझ्याकडे न्याय मागायला आले. न्याय देण्याआधी, श्रोतेहो, थोडा हिशेब करू. शिक्षक बंधुभगिनींनी फळ्यावर मांडावा असा तो सोपा हिशेब आहे.

माणूस ५ मीटर उंचीवरून पडला, म्हणजे साधारण दीड मजल्यावरून, तर जमिनीशी येईपर्यंत त्याला सुमारे १ सेकंद लागतो आणि वेग होतो ताशी सुमारे ३६ किलोमीटर. २० मीटरवरून पडला तर वेळ दुप्पट, २ सेकंद. आणि वेग ताशी ७२ किलोमीटर. आता खरी गोम पडण्यात नाही, थांबण्यात आहे. ५ मीटर पडलेला माणूस १० सेंटिमीटरमध्ये थांबला, तर त्याच्या हातावर त्याच्या वजनाच्या सुमारे ५० पट ओढ येते. कारण ५ मीटरमध्ये १० सेंटिमीटर ५० वेळा जातात. म्हणजे ४० किलोच्या मुलाच्या बोटांवर २० क्विंटलचा भार. आपल्याकडे कापूस क्विंटलाने मोजतात, तेव्हा २० क्विंटल म्हणजे काय ते वऱ्हाडातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. आजोबांचे म्हणणे अगदी बरोबर होते. हात उखडूनच यायचा.

तोच मुलगा कडब्याच्या गंजीवर पडला आणि गंज १ मीटर दबली, तर हीच ओढ ५० पटीवरून ५ पटीवर येते. ओट्यावरून उडी मारताना आपण गुडघे का वाकवतो, याचे उत्तरही हेच. थांबायला अंतर मिळाले की अंग वाचते.

लांब उडीचे तसेच. १९९१ साली टोकियो येथे अमेरिकेच्या माइक पॉवेलने ८.९५ मीटर उडी मारली. तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. त्यालाही धावायला सपाट वाट होती आणि पडायला वाळू होती. खेळातला नायक मात्र पाठीवर बंदूक, पायांत जड बूट घालून याच्या आसपास उड्या घेतो, आणि त्याही दिवसातून शंभर.

तर मग ही सगळी थापेबाजी म्हणून सोडून द्यायची काय? नाही. कारण हिशेबात न बसणारी उडी आपण फार पूर्वीपासून मानत आलो आहोत. हनुमंताने समुद्र ओलांडला, तेव्हा कीर्तनात कोणी उठून "बुवा, अंतर किती?" असे विचारत नाही. का विचारत नाही? नुसती भक्ती म्हणून नव्हे. कवीने तयारीही केलेली असते. आधी सारे वानर खिन्न बसलेले. कोणी म्हणतो मी इतके योजन जाईन, कोणी म्हणतो मी तितके. मग जांबवान हनुमंताला त्याच्या बळाची आठवण देतो. मग तो महेंद्र पर्वतावर चढतो, अंग वाढवतो, पाय रोवतो. आणि त्या भाराने पर्वत दबतो, त्यातून पाणी फुटते. उडी अशक्य आहे, पण तिला वजन आहे. पर्वताला ती जाणवली, म्हणून आपल्यालाही जाणवते.

ग्रीस देशातील ॲरिस्टॉटल या तत्त्ववेत्त्याने दोन हजार वर्षांपूर्वीच याचे मर्म सांगून ठेवले आहे. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की, न पटणाऱ्या शक्य गोष्टीपेक्षा पटणारी अशक्य गोष्ट कथेत बरी. पटणे हे कथेचे काम, घडणे हे जगाचे.

आता खेळांकडे वळू. १९८९ साली 'प्रिन्स ऑफ पर्शिया' नावाचा खेळ आला. तो करणारा जॉर्डन मेकनर हा तरुण. त्याने आपल्या धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावले, त्याचे चित्रण केले आणि त्यावरून पडद्यावरचा राजपुत्र रेखाटला. म्हणून त्या राजपुत्राला कडेला थांबताना तोल सावरावा लागे. चित्र साधे, पण त्यात एका खऱ्या मुलाच्या अंगाचा भार होता.

१९९६ साली 'टूम रेडर' आला. त्यातल्या लारा क्रॉफ्टचे जग आपल्या चौकटीच्या वहीसारखे चौकोनांत आखलेले होते. जागच्या जागी उडी किती जाईल, धावून किती जाईल, हे ठरलेले. खेळणारा दोन पावले मागे येई, मोजणी करी आणि मग उडी घेई. उड्या माणसाच्या आवाक्याबाहेरच्या होत्या, पण नियम मोडत नव्हत्या. जो खेळ स्वतःचा नियम पाळतो, त्यावर विश्वास बसतो. आपल्या विटीदांडूचे तरी दुसरे काय आहे?

२००९ सालच्या 'अनचार्टेड २' या खेळाची सुरुवात सांगण्यासारखी आहे. हिमालयातील बर्फात आगगाडीचा एक डबा दरीवर लोंबकळतो आहे. नायक शुद्धीवर येतो, पोटातून रक्त वाहते आहे. त्याला त्या लोंबत्या डब्यावरून वर चढायचे आहे. हात निसटतो, गज वाकतो, सामान अंगावर कोसळते. प्रसंग अचाट, तरी पटतो; कारण माणूस जखमी आहे, दमतो आहे, घाबरला आहे. पुढे त्याच खेळात धावत्या गाडीच्या टपावरून पळापळ होते. खेळ करणाऱ्यांनी तिथे नुसता मागचा देखावा सरकवलेला नाही. गाडी खरोखरच त्या चित्रातल्या रुळांवरून वळणे घेत जाते. आपल्याकडच्या ज्या लोकांनी अकोट ते खंडवा ही जुनी मीटरगेजची गाडी पाहिली असेल, त्यांना धूळघाटात रूळ स्वतःवरूनच वळसा घालून कसे वर जात ते आठवेल. असे वळण आले की डबा कलंडतो, आणि टपावरच्या माणसाला पाय रोवावे लागतात. ही जाणीव चित्रात आली की प्रसंग जिवंत होतो.

मात्र याच जातीच्या खेळांत एक गफलतही होते. खेळणाऱ्याची बोटे नायकाला चालवतात, तोवर चूक झाली तर पडण्याची भीती असते. पण मोठा देखावा आला की पुष्कळदा संगणक स्वतःच नायकाला वाचवायचे ठरवतो. पूल कोसळतो, तो पुढे धावतो, नेमका शेवटच्या क्षणी गज हाती येतो. खेळणाऱ्याने एक बटण दाबून धरले की झाले. पहिल्यांदा छाती धडधडते. पाचव्यांदा पूल कोसळला की मूल जांभई देते. अविश्वास येतो तो उडी मोठी झाल्यामुळे नव्हे, धोका लहान झाल्यामुळे.

आपल्या महाराष्ट्रातही असा खेळ झालेला आहे. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या मंडळींनी २०२० साली 'राजी' नावाचा खेळ काढला. राजी ही कसरती करणारी मुलगी. तिच्या धाकट्या भावाला राक्षस पळवून नेतात आणि ती त्याला शोधायला निघते. दुर्गेने दिलेला त्रिशूळ तिच्या हाती आहे. ती भिंतीवरून धावते, खांबाला धरून गरगर फिरते. हे आपल्याला पटते. का, तर ती कसरतीत वाढलेली पोर आहे हे आपल्याला आधीच सांगितलेले असते. पुढचा प्रसंग कितीही मोठा असो, त्याची मुळे आधी पेरलेली आहेत.

आणि खांबावरची ही करामत आपल्या मातीला नवी थोडीच आहे? विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली मुंबईत आपल्या सर्कशीचा पहिला खेळ केला. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली सुरू झाले. त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. मल्लखांबावर उलटा तोललेला मुलगा ज्याने पाहिला आहे, त्याला राजीची गिरकी खोटी वाटणार नाही. बोलपटांच्या आरंभीच्या काळात मुंबईच्या वाडिया मूव्हीटोनची नादिया 'हंटरवाली' म्हणून १९३५ साली गाजली. तीही सर्कशीतून आलेली आणि आपली साहसे स्वतः करणारी. प्रेक्षकांना कळत होते की पडली तर तिलाच लागणार आहे.

इथे मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. एका पावसाळ्यात आमच्या गावातल्या एका मुलाने घराच्या स्लॅबवरून शेजारच्या स्लॅबवर उडी मारली. अंतर पार केले, कठडाही हाती आला, पण हात टिकला नाही. मनगट मोडले. खेळामुळेच त्याने उडी मारली असे मी म्हणणार नाही. पोरे आमच्या वेळीही माकडेच होती. पण मी त्याला विचारले, "तुला काय वाटलं रे?" तो म्हणाला, "सर, हात पुरते असं वाटलं." हात पुरलाच होता. पडद्यावर पाहून डोळ्याला अंतर कळते, वजन कळत नाही. वजन अंगालाच कळते. झाडावर चढून, विहिरीत पोहून, मल्लखांबाला तेल लावून. म्हणून गेम काढून घेऊ नका. पण ज्या मुलाच्या हाती गेम आहे, त्याच्या पायाखाली मैदानही असू द्या.

आता त्या आजोबा-नातवांचा न्याय. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे यांनी कोंढाणा घेतला. सभासदाच्या बखरीत मावळे वानरांसारखे कडा चढून गेले असे वर्णन आहे. घोरपड तिथे नाही. घोरपड येते ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात. आपल्या रानात घोरपड आहे. तिची पकड चिवट, पण ती काही किलोंचा जीव. तिच्या कमरेला दोर बांधून चिलखती माणूस चढेल हे हिशेबात बसत नाही. (आणि हो, वन्यजीव कायद्याने तिला पूर्ण संरक्षण आहे, तेव्हा प्रयोग करून पाहू नका.)

मी नातवाला म्हणालो, "तुझा प्रश्न रास्त आहे. घोरपड ही शाहिराची. कडा किती सरळसोट होता आणि रात्र किती काळी होती, ते एका शब्दात डोळ्यांपुढे उभे करायला त्याने ती आणली." मग आजोबांना म्हणालो, "आबा, घोरपड बाजूला ठेवली म्हणून तानाजी लहान होत नाही. उलट वाढतो. जनावराने नेले नाही, माणसे आपल्या हातापायांनी चढली. आणि तानाजी पुन्हा उठला नाही."

नातू थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "गेममधला तं पडला का लगेच उठते." आजोबा म्हणाले, "म्हनूनच तं म्या म्हनलं, लागाले पाह्यजे."

श्रोतेहो, मला वाटते, त्या म्हाताऱ्याने एका वाक्यात सारे सांगितले. साहसाची गोष्ट मोठी असावी, जरूर असावी. पण तिने आपला नियम पाळावा, तयारी दाखवावी आणि किंमत चुकती करावी. शिक्षकांनी वर्गात एखादा असा प्रसंग घेऊन मुलांना तीन प्रश्न विचारावेत: हे जगात घडेल का? घडणार नसेल, तर गोष्टीत पटते का? आणि नायकाला याची काय किंमत पडली? पहिला प्रश्न विज्ञानाचा, दुसरा मराठीचा आणि तिसरा इतिहासाचा. एका उडीत तीन तास भरून निघतील. आणि मूल पुन्हा कोणी कसलीही अचाट बातमी सांगितली, तर तोंडाचा आ करण्याआधी हे तीन प्रश्न स्वतःलाच विचारील.