खात्यात आलेले पैसे

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या जागेवरून दरवर्षी प्राध्यापक नाहीतर लेखक बोलतात. यंदा मंडळाने ओव्हरसियरला उभे केले आहे. आम्ही डिप्लोमावाले, पंचायतींची कामे मोजणारे लोक. तलावाच्या मातीचे माप घ्यायचे, मेजरमेंट बुक भरायचे, मस्टरवरची नावे पडताळायची, यात आमचे निम्मे वर्ष खेड्यांत जाते. खात्यात पैसे आले की नाही, हे आम्हाला फाइलीत दिसण्याआधी झाडाखाली बसलेल्या बायकांकडून कळते. त्याबद्दलच बोलू.

“फुकट पैसे दिले की माणूस आळशी होतो, आणि घरचा पुरुष ते दारूत घालतो.” हे वाक्य आपल्या सगळ्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर होते. आमच्या ऑफिसातही होते. पण याचा पडताळा आपल्याच इंदूर जिल्ह्यात घेतला गेला आहे, आणि आश्चर्य म्हणजे इंदुरातच तो फार थोड्यांना ठाऊक आहे.

२०११ च्या जूनमध्ये ‘सेवा’ या महिलांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने जिल्ह्यातली आठ गावे निवडली. त्या गावांतल्या प्रत्येक माणसाला, गरीब असो की खातापिता, दरमहा पैसे द्यायला सुरुवात झाली. मोठ्यांना २०० रुपये, मुलांना १००. मुलांचे पैसे आईच्या हातात. वर्षभराने ते ३०० आणि १५० झाले. दीड वर्षाच्या आसपास हे चालले आणि सहा हजारांवर माणसांना पैसे मिळाले. नवरा-बायको आणि तीन मुले अशा घराला सुरुवातीला महिन्याला ७०० रुपये पडत. अट एकच, ठरलेल्या मुदतीत खाते उघडा. पैसे कशावर खर्च केले, हे कोणी विचारणार नव्हते. शेजारची बारा गावे पैसे न देता तुलनेसाठी ठेवली होती. शिवाय एका आदिवासी गावात वर्षभर असाच प्रयोग झाला.

दारूवरचा खर्च वाढल्याचे आढळले नाही. ताटात डाळ, भाजी वाढली. वयाच्या मानाने मुलींचे वजन सुधारले. मोठ्या मुलींचे शाळेत जाणे वाढले. कोणी शेळ्या घेतल्या, कोणी शिलाई मशीन, कोणी वेळेवर बियाणे आणि खत. शरत् दावला, रेनाना झाबवाला, सौम्या कपूर मेहता आणि गाय स्टँडिंग यांनी यावर २०१५ मध्ये इंग्रजीत पुस्तकच लिहिले आहे, ज्यांना रस असेल त्यांनी जरूर मिळवावे.

आम्हाला त्यातला सर्वांत पटलेला निष्कर्ष कामाचा आहे. लोकांनी काम सोडले नाही, काम बदलले. दुसऱ्याच्या शेतावरची रोजंदारी कमी झाली आणि स्वतःच्या तुकड्यावर राबणे वाढले. हे समजायला खेड्यातला जून महिना डोळ्यांपुढे आणा. पहिला पाऊस पडतो, सोयाबीन पेरायची घाई असते, आणि ज्याची दोनच बिघे जमीन आहे त्याच्याकडे बियाण्याला पैसे नसतात. म्हणून तो आधी मोठ्या शेतकऱ्याच्या शेतावर रोजंदारीला जातो आणि स्वतःचे शेत मागे पडते. नाहीतर सावकाराकडून उचल घेतो, आणि पीक घरात येण्याआधीच त्यातला वाटा ठरून जातो. त्या आठवड्यात हातात हजार-दोन हजार असले की तो आधी आपले शेत पेरतो. मोठा शेतकरी मग म्हणतो, “सरकारने मजूर बिघडवले.” त्याच्या बाजूने तक्रार खरी आहे, मजूर त्याला त्या दिवशी मिळत नाही. पण त्याला आळस म्हणणे बरोबर नाही.

आता आजच्या योजनांकडे येऊ. आपल्याकडे लाडली बहना सुरू झाली, १० जून २०२३ ला पहिले हजार रुपये पडले, ऑक्टोबर २०२३ पासून १,२५० झाले होते. पुढच्या वर्षी महाराष्ट्रात लाडकी बहीण आली, १,५०० रुपयांची. पुण्या-नागपूरचे नातेवाईक फोनवर कौतुक सांगायचे तेव्हा आम्ही त्यांना आठवण करून द्यायचो की हे पीक आधी मध्यप्रदेशात उगवले. निवडणुका जवळ होत्या म्हणून दोन्हीकडे आल्या, हे उघड आहे. तरी खेड्यातल्या बाईच्या स्वतःच्या नावावर, ठरलेल्या तारखेच्या आसपास, दर महिन्याला पैसे येणे ही लहान गोष्ट नाही. किराणेवाला तिला आता उधारीवर सामान देतो, कारण पुढच्या महिन्यात पैसे येणार हे त्यालाही माहीत असते.

पण कुठे थांबते तेही बघा. आपल्या योजनेत अविवाहित बाई नाही. विधवा आहे, घटस्फोटित आहे, टाकलेली आहे, पण जिचे लग्नच झाले नाही, जी भावाच्या घरी राबून म्हातारी होते आहे, ती नाही. महाराष्ट्रात निदान घरटी एका अविवाहितेला जागा ठेवली. दुसरे, आपल्याकडे साठी झाली की नाव कटते; तिकडे मर्यादा ६५ ची आहे. साठीनंतर उरते ती ६०० रुपयांची पेन्शन. म्हणजे कंबर वाकली, मजुरी होईना, औषधे सुरू झाली, नेमकी तेव्हा रक्कम निम्म्याहूनही कमी. ऑगस्ट २०२३ नंतर नवी नावे घेणे थांबले, त्यामुळे त्यानंतर लग्न होऊन आलेल्या सुनेला काही नाही आणि शेजारच्या घरच्या सुनेला आहे. आठ गावांतल्या प्रयोगात असे वगळणे नव्हते, म्हणून रुसवेफुगवेही नव्हते.

आणि आता जरा जवळचा विषय. होळकरशाहीपासून इथे असलेल्या आपल्या घरांपैकी अनेकांची अजून गावाकडे थोडी जमीन आहे. ती बटाईवर दिलेली असते. केंद्राच्या किसान सन्मान निधीचे वर्षाला ६,००० आणि राज्याचे ६,००० असे बारा हजार रुपये येतात, ते पटवाऱ्याच्या कागदावर ज्याचे नाव त्याला. आम्ही सरकारी नोकर आणि आयकर भरणारे त्यातून बाद आहोत, ते ठीकच आहे. पण आपल्या घरात निवृत्त नसलेले, कर न भरणारे कोणी असेल तर पैसे त्यांना येतात, आणि बियाणे टाकणारा, रात्री पाणी वळवणारा बटाईदार रिकामा राहतो. बटाईचा लेखी करार नसेल तर गारपिटीची भरपाई आली तरी तीच गत. हा कायद्याचा दोष आहे, कोणा एका माणसाचा नाही. तरी बटाईचा हिशेब दरवर्षी आपणच बसून करतो ना? त्यात हे बारा हजार मोजायला कायदा आड येत नाही. आमच्या ओळखीच्या एका घराने खताचा अर्धा खर्च यातून द्यायला सुरुवात केली आहे.

शेवटी एक कामाची गोष्ट. पैसे मंजूर होऊनही न मिळण्याचे आम्हाला दिसणारे मोठे कारण म्हणजे खाते. सरकारी रक्कम आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. बाईने जुन्या बँकेत खाते काढले, मग कोणीतरी गोड बोलून दुसरे उघडून दिले, अंगठा घेतला. ती जुने पासबुक घेऊन रांगेत उभी राहते आणि पैसे दुसरीकडे साचतात. वर्षानुवर्षे भांडी घासून, माती उचलून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन अंगठा घेत नाही, कियोस्कवाला “उद्या या” म्हणतो. एक फेरी म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली.

आपल्याकडे कामाला येणाऱ्या कितीतरी बायका आसपासच्या गावांतून येतात. उद्या आणि परवा संध्याकाळच्या आरतीनंतर आमच्यातले दोघे लॅपटॉप घेऊन प्रसादाच्या टेबलाशेजारी बसणार आहोत. कोणते खाते आधारला जोडलेले आहे ते पाच मिनिटांत दिसते. बाईंना आधार कार्ड आणि त्याला जोडलेला मोबाइल घेऊन यायला सांगा. ओटीपी लागतो, म्हणून मोबाइल घरी मुलाकडे राहू देऊ नका. आणि त्यांना त्या संध्याकाळी थोडे लवकर सोडा.