टाक्याचा टँक

खाम नदीवरच्या आपल्या हर्सूलच्या तलावासारख्या जलाशयाला इंग्रजी दप्तरात सर्रास ‘टँक’ म्हणत. साहेबाने हा शब्द विलायतेहून आणला नव्हता, तो त्याला इथेच मिळाला. मराठीत टाकं, गुजरातीत टांकी. सतराव्या शतकात शब्द इंग्रजीत शिरला. साचलेल्या पाण्यासाठीच्या पोर्तुगीज शब्दानेही त्याला हातभार लावला, असं कोशकार सांगतात. तो वाद त्यांनाच लखलाभ! अजिंठ्याच्या विहारांपाशी कातळात खोदलेली टाकी मात्र या इंग्रजी शब्दाहून कितीतरी जुनी आहेत. पाथरवटाच्या छिन्नीलाही आपण टाकीच म्हणतो.

खरी गंमत पुढेच. पहिल्या महायुद्धात इंग्रज चिलखती गाडी बनवत होते. गुपित फुटू नये म्हणून पाण्याच्या टाक्या बनताहेत, अशी आवई उठवली. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणांगणावर या ‘टाक्या’ तोफा डागत उतरल्या, आणि खोटं नाव कायमचं चिकटलं. मग पेट्रोलचा टँक आला, माशांचा आला, विचारवंतांचा ‘थिंक टँक’ही आला. सिनेमा सपशेल आपटला, तरी इंग्रजीत तो ‘टँक’ झाला म्हणतात. आपण मात्र गच्चीवरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या पिंपाला अजून टाकीच म्हणतो.