दिवा कोण दुरुस्त करणार?



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने चार शब्द बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी या शाळेचा ऋणी आहे. मराठी वाङ्मयाच्या अध्यापकाने हवामानबदल आणि ऊर्जा या विषयावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. सौर दिव्याची अंतर्गत रचना समजावून सांगणे हा माझा अधिकार नव्हे. परंतु विकसनशील देशांत स्वयंसेवी संस्थांनी या क्षेत्रात जे काम केले, ते मला मूलतः शिक्षणाचे काम वाटते. आणि शिक्षण हा तर येथे जमलेल्या सर्वांचाच विषय आहे.

प्रारंभी एका शब्दाविषयी बोलतो. केंद्र सरकारने १९८२ मध्ये ‘अपारंपरिक ऊर्जास्रोत’ विभाग स्थापन केला. १९९२ मध्ये त्याचे स्वतंत्र मंत्रालय झाले आणि २००६ मध्ये त्या मंत्रालयाच्या नावात ‘नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा’ हे शब्द आले. म्हणजे चोवीस वर्षे आपण सूर्याला, वाऱ्याला आणि शेणाला अपारंपरिक म्हणत होतो! ज्या घरांत पिढ्यानपिढ्या कुरडया-सांडगे उन्हात वाळले, खळ्यावर धान्य वाऱ्याने उफणले गेले आणि चुलीत गोवऱ्या जळल्या, त्या घरांना हे नाव परके वाटले असेल तर त्यात आश्चर्य नाही. हा दोष केवळ भाषेचा नव्हता. ‘लोकांना यातले काही कळत नाही, त्यांना सारे बाहेरून आणून द्यावयाचे आहे’ ही समजूत त्या नावामागे होती. पुढे ज्या योजना फसल्या, त्यांतील कित्येक याच समजुतीपायी फसल्या असे मला वाटते.

हवामानबदलाच्या प्रश्नात न्याय-अन्यायाची बाजू फार मोठी आहे. अमेरिकेतील एक माणूस वर्षाला सरासरी १४ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड वातावरणात सोडतो. भारतात हे प्रमाण सुमारे २ टन, तर आफ्रिकेतील अनेक देशांत १ टनाहूनही कमी आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत सुमारे ६० कोटी माणसे आजही विजेवाचून दिवस काढतात. ज्यांच्या घरी दिवाच नाही, त्यांना काटकसरीचा उपदेश करणे हा क्रूरपणा होय. त्यांना वीज मिळालीच पाहिजे. मात्र ती कोळशाच्या वाटेने न मिळता सूर्याच्या वाटेने मिळाली, तर त्यात त्यांचे आणि साऱ्या जगाचे हित आहे. अनेक स्वयंसेवी संस्था या कामासाठी पुढे आल्या. पण दिवा देणे सोपे असते. सहा महिन्यांनी तो विझला म्हणजे तो कोण दुरुस्त करणार, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नापासूनच कामाला प्रारंभ करणारी एक संस्था राजस्थानात अजमेर जिल्ह्यातील तिलोनिया या गावी आहे. बंकर रॉय यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेली ही संस्था ‘बेअरफूट कॉलेज’ या नावाने जगभर ओळखली जाते. येथे आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतील खेड्यांतून स्त्रिया सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी येत आल्या आहेत. त्यांतील पुष्कळ जणी निरक्षर, आणि कित्येक जणी नातवंडे असलेल्या. २००८ पासून भारत सरकारनेही या उपक्रमास साहाय्य केले. शिकणाऱ्या बायकांची एकमेकींत समान भाषा नाही, शिकविणाऱ्यांशीही नाही. म्हणून खुणा, रंग आणि हाताने करून पाहणे, एवढ्यावरच सारे शिक्षण चालते. कोणत्या रंगाची तार कोठे जोडावयाची, बिघाड कसा शोधावयाचा, हे हातांनाच पाठ होते. तरुण पुरुषांऐवजी मध्यमवयीन स्त्रियाच का, या प्रश्नावर रॉय यांचे उत्तर व्यवहारी आहे : पुरुष प्रमाणपत्र मिळाले की शहराची वाट धरतो, आजी मात्र गावातच राहते. रॉकेल, मेणबत्त्या आणि बॅटऱ्यांवर कुटुंबे जेवढा खर्च करीत असत, त्या बेताने गावाने दरमहा वर्गणी द्यावयाची आणि तीतून या स्त्रीला मेहनताना मिळावयाचा, अशी ही व्यवस्था आहे. आयुष्यभर भाषा शिकविलेल्या मला हे कळल्यावर विचार करावा लागला. भाषेवाचून ज्ञान देता येते, याहूनही मला महत्त्वाची वाटली ती गोष्ट अशी की, जिला शिकवावयाचे ती शिकू शकते हा विश्वास येथे आधी असतो आणि अभ्यासक्रम नंतर येतो.

आता दुसरी बाजू पाहू. आपल्याकडे १९८० च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि २००२ मध्ये तो गुंडाळण्यात आला. तोवर सुमारे साडेतीन कोटी चुली बसविल्या गेल्या होत्या. त्यांतील फार मोठ्या संख्येने चुली मोडल्या किंवा अडगळीत पडल्या. पुढे ओडिशात एका स्वयंसेवी संस्थेने वाटलेल्या चुलींचा अभ्यास रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी केला. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या पोटात जाणारा धूर कमी झाला, परंतु पुढे हा लाभ उरला नाही, असे त्यांना आढळले. चुलीची निगा राखली गेली नाही आणि तिचा वापरही अनियमित होत गेला. चूल घरात पोहोचली, पण ती आपली आहे आणि तिची डागडुजी आपणच करावयाची आहे, ही भावना तिच्याबरोबर पोहोचली नाही.

बिहारमधील जहानाबाद जिल्ह्यात धरनई नावाचे गाव आहे. तेथे २०१४ मध्ये ग्रीनपीस या संस्थेने सहकारी संस्थांच्या मदतीने १०० किलोवॅटचे सौर वीजकेंद्र उभारले. गाजावाजा पुष्कळ झाला. पण गावकऱ्यांनी मुख्यमंत्र्यांकडे मागणी केली ती ‘असली बिजली’ची. सौर वीज महाग होती आणि तिच्यावर मोठी उपकरणे चालत नव्हती. लवकरच सरकारी तारा गावात आल्या, पुढे बॅटऱ्या निकामी झाल्या आणि केंद्र बंद पडले. गावकऱ्यांना दोष देऊन आपल्याला मोकळे होता येणार नाही. शहराला एक वीज आणि खेड्याला दुसरी, हा भेद त्यांनी अचूक ओळखला आणि दोन साध्या शब्दांत मांडला. कोणत्याही संस्थेने लोकांचा असा शब्द कान देऊन ऐकला पाहिजे.

बांगलादेशचा अनुभव या दोहोंच्या मध्ये बसतो. तेथे १९९६ मध्ये ग्रामीण शक्ती ही संस्था निघाली. २००३ ते २०१८ या काळात सरकारी वित्तसंस्था आणि अशा अनेक संस्था यांनी मिळून ४० लाखांहून अधिक घरांत सौर संच बसविले. संच फुकट वाटले नाहीत. ते हप्त्याने विकले. हप्ता घेण्यास येणारा कार्यकर्ता संचाची तपासणीही करी आणि गावातील स्त्रियांनाही दुरुस्तीचे शिक्षण दिले गेले. पुढे सरकारी वीज खेडोपाडी पोहोचली, तेव्हा या संचांची मागणी ओसरली. ते अपयश आहे असे मी म्हणणार नाही. मुलांच्या शिक्षणाची जी वर्षे अंधारात गेली असती, ती उजेडात गेली. संस्थेचे काम सरकारची जागा घेण्याचे नसते. सरकार येईपर्यंत, आणि ते यावे म्हणूनही, संस्थेला काम करावयाचे असते. आपल्याच प्रदेशात रीवा येथे ७५० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा आहे. तेवढे काम कोणतीही संस्था करू शकणार नाही. मात्र माणसे घडविण्याचे काम एवढा मोठा प्रकल्पही करू शकणार नाही.

ते काम पाहण्यास इंदूरच्या मंडळींना दूर जावे लागत नाही. १९८५ पासून येथे ग्रामीण स्त्रियांसाठी बरली संस्था काम करीत आली आहे. भिली भाषेत घर तोलून धरणाऱ्या मधल्या खांबाला ‘बरली’ म्हणतात. झाबुआ-धारकडील आदिवासी मुली येथे लिहिणे-वाचणे आणि शिवणकाम यांच्या जोडीला सूर्यचुलीवर रांधणेही शिकल्या. या संस्थेच्या दीर्घकाळ संचालिका राहिलेल्या जनक पलटा मॅकगिलिगन यांना २०१५ मध्ये पद्मश्री मिळाली. संस्थेने नाव परदेशी कोशातून आणले नाही. शिकणाऱ्या मुलींच्या घरातून घेतले. ‘अपारंपरिक’ आणि ‘बरली’ या दोन शब्दांत जे अंतर आहे, तेच योजना लादणे आणि योजना रुजणे यांत आहे.

शेवटी आपल्याविषयी. २०२४ मध्ये घरांच्या छतांवर सौर पॅनेल बसविण्याची मोठी सरकारी योजना सुरू झाली आणि आपल्यापैकी कित्येकांच्या गच्चीवर ती आली असतील. त्यांवरची धूळ केव्हा पुसावयाची, मीटरचे आकडे कसे वाचावयाचे, इन्व्हर्टर काय करतो, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? तिलोनियात शिकून गेलेली निरक्षर आजी ते सांगू शकेल. पदवीधरांनी याची खंत करीत बसण्यापेक्षा तिच्याकडून शिकावे. या शाळेला माझी एवढीच विनंती आहे की, विजेवर चालणारी निदान एक वस्तू उघडून, समजून घेऊन, पुन्हा जोडता आल्याशिवाय कोणत्याही विद्यार्थ्याने दहावीची परीक्षा देऊ नये. ज्या शिक्षकांचे स्मरण आपण आज करीत आहोत, त्यांना स्मारक म्हणून ही सवय पुष्कळ होईल.