शुश्रूषा: कटुवचनाला सेवाधर्माचे उत्तर

(मोहगाव येथे मठाच्या वर्धापनसोहळ्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)





आजच्या व्याख्यानास योजिलेला विषय मठाच्या व्यासपीठावर थोडा अपरिचित वाटण्याचा संभव आहे. रुग्णाची सेवा करणारी परिचारिका आणि मुलांना विद्या देणारा शिक्षक यांच्यासमोर उद्धट, शिवराळ, प्रसंगी अंगावर धावून येणारी माणसे येतात. त्यांच्याशी कसे वागावे, हा तो विषय होय. परंतु क्षमा, अक्रोध आणि वाणीचा संयम या गुणांचे निरूपण मठात नित्य होते, आणि त्यांची खरी परीक्षा दवाखान्याच्या खाटेजवळ व शाळेच्या वर्गात होते. म्हणून हा विषय मठाचाच आहे.

आरंभी एका शब्दाचा विचार करणे युक्त होईल. रुग्णसेवेला आपल्या भाषेत ‘शुश्रूषा’ म्हणतात. हा शब्द ‘श्रु’, म्हणजे ऐकणे, या धातूला इच्छार्थक ‘सन्’ प्रत्यय लागून सिद्ध झाला आहे. त्याचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा होतो. शिष्याने गुरूची करावयाची सेवा हीही शुश्रूषा, आणि आजाऱ्याची काळजी घेणे हीही शुश्रूषाच. ज्याला समोरच्याचे ऐकावयाचे नाही, त्याला सेवाही करता येत नाही आणि विद्याही घेता येत नाही, हे या एका शब्दात पूर्वाचार्यांनी साठवून ठेविले आहे. उद्धट माणसाशी कसे वागावे या प्रश्नाच्या उत्तराचा आरंभही येथेच आहे.

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाच्या ठिकाणी चार गुण असावेत असा त्यांचा अभिप्राय. परिचारकाच्या ठिकाणी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता हवी. हे सर्वांच्या सहज ध्यानी येते. परंतु रोग्याचेही चार गुण तेथेच सांगितले आहेत, त्यांचा मात्र विसर पडतो. रोग्याच्या ठिकाणी स्मृती असावी, सांगितल्याप्रमाणे वागण्याची तयारी असावी, निर्भयता असावी आणि आपले दुखणे नीट सांगता यावे. सेवा ही अशी दोन्ही बाजूंनी पाळावयाची गोष्ट आहे. या चार गुणांतील निर्भयता हा गुण आजच्या विषयाचे मर्म उघड करतो; कारण दवाखान्यात उच्चारल्या जाणाऱ्या बहुतेक कठोर शब्दांच्या मुळाशी भय असते.

एखादा बाप ज्वराने फणफणलेले लेकरू घेऊन मध्यरात्री येतो आणि दारातच परिचारिकेवर ओरडतो. त्याच्या ओरडण्याचा खरा अर्थ ‘माझे मूल वाचेल ना?’ एवढाच असतो. कोणी रुग्ण वेदनेने शिव्या देतो. कोणाच्या रक्तातील साखर एकदम उतरली म्हणजे एरवी सौम्य असलेला तो मनुष्य चिडतो, हात झटकतो, ओळखीच्या माणसालाही ढकलतो. तीव्र ज्वरात भ्रम होतो. वृद्धापकाळी स्थळकाळाचे भान सुटते. अशा वेळी उद्धटपणा हे रोगाचेच लक्षण असते, आणि जाणती परिचारिका त्या शब्दांचा राग न धरता प्रथम रोग पाहते. मद्याच्या अमलाखाली आलेला, आणि आपल्या पदाचा वा पैशाचा ताठा मिरविणारा, असे आणखी दोन प्रकार आहेत. त्यांच्याविषयी पुढे विचार करावयाचा आहे.

शाळेतही असेच घडते. वर्गात उलट बोलणारे मूल कधी उपाशी आलेले असते. कधी त्याला कमी ऐकू येत असते आणि शिक्षक त्याला अवज्ञा समजतात. कधी घरातील रोजची भांडणे ते दप्तराबरोबर शाळेत घेऊन येते. उपनिषदातील एका शांतिमंत्रात गुरू आणि शिष्य दोघे मिळून प्रार्थना करतात की, आम्हा दोघांत द्वेष न उपजो. ज्या ऋषींनी अध्ययनाच्या आरंभी ही प्रार्थना ठेविली, त्यांना विद्येच्या मार्गात द्वेष कसा शिरतो याची पुरेपूर जाण होती. ती प्रार्थना एकट्या शिष्याने करावयाची नाही, हे विशेष होय. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलास शारीरिक शिक्षा व मानसिक छळ करण्यास मनाई केली, तेव्हा त्या प्रार्थनेतील गुरूचा वाटाच जणू कायद्याच्या भाषेत आला.

मग प्रत्यक्ष प्रसंगी करावे काय? अनुभवी परिचारिका व शिक्षक जे करतात ते साधेच असते. समोरच्याचा आवाज चढला की ते आपला आवाज उतरवितात. त्याचे बोलणे मध्येच तोडीत नाहीत. त्याला नावाने हाक मारतात, बसावयास सांगतात, गर्दीपासून थोडे बाजूस नेतात. कारण चार माणसांदेखत मनुष्याला माघार घेणे कठीण जाते. डॉक्टर केव्हा येतील, किती वेळ थांबावे लागेल, हे खरे तेच सांगतात. खोट्या आश्वासनाने क्षणभर शांतता होते, पण पुढे संताप दुणावतो. तक्रार घेऊन आलेल्या पालकाचे आधी सर्व ऐकून घेतात आणि मग मुलाची वही त्याच्यापुढे ठेवतात. मुलाला बोलावयाचे ते वर्गासमोर न बोलता एकीकडे बोलतात. ऐकणे हीच येथे पहिली मात्रा होय.

आणि सेवेत पंक्तिप्रपंच नसतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यास जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. दोन्ही काठांवरून दगड सुटतात आणि जखमी माणसे उपचारांच्या शिबिरात आणली जातात. तेथे पट्टी बांधणारा हात जखमी पांढुर्ण्याचा की सावरगावचा हे पाहत नाही. त्याच्या हातून किती दगड सुटले हेही विचारीत नाही. उद्धट रुग्णाच्या वाट्यालाही सौम्य रुग्णाइतकेच औषध आणि तितकीच काळजी येते, हा परिचर्येचा धर्म होय.

येथे श्रोत्यांना पैठणच्या एकनाथमहाराजांची कथा आठवेल. गोदावरीवर स्नान करून परतणाऱ्या नाथांच्या अंगावर एक मनुष्य थुंकला. नाथ पुन्हा स्नानास गेले. तो पुन्हा थुंकला. परंपरा सांगते की असे एकशे आठ वेळा घडले आणि अखेरीस तो मनुष्यच शरण आला. ही कथा ऐकताना प्रत्येकाला आपण नाथांच्या बाजूचे आहोत असे वाटते. पण एक प्रश्न उरतो. नाथांची ती शांती तपाने आलेली होती आणि त्यांनी ती आपण होऊन स्वीकारिली होती. महिन्याच्या वेतनावर रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेला ‘तूही एकशे आठ वेळा सोस’ असे इतरांनी सांगावे काय? क्षमा हा सोसणाऱ्याने स्वतः धारण करावयाचा अलंकार आहे. पाहणाऱ्यांनी त्याच्यावर लादावयाचे ओझे नव्हे.

या प्रश्नाचा उलगडा सावित्रीबाई फुले यांच्या चरित्रात होतो, कारण अध्यापन आणि रुग्णसेवा ही दोन्ही व्रते त्या एकाच जीवनात आढळतात. १८४८ साली पुण्यात भिड्यांच्या वाड्यात जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा उघडली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. त्यांचे वय तेव्हा अवघे सतरा वर्षांचे होते. वाटेत लोक त्यांना अपशब्द बोलत, अंगावर शेण, चिखल आणि खडे टाकीत. शाळेत पोचल्यावर पालटण्यासाठी त्या दुसरे लुगडे ठेवीत, आणि मळलेले लुगडे बदलून शिकवावयास उभ्या राहत. नाथांचे पुनःपुन्हा स्नान आणि सावित्रीबाईंचे दुसरे लुगडे यांत जातीचा फरक नाही. परंतु त्यांच्याविषयीच्या जुन्या आठवणींत असेही सांगितले आहे की, एकदा एक दांडगा पुरुष वाट अडवून धमकावू लागला, तेव्हा त्यांनी त्याला चपराक दिली. शेण सोसले, पण वाट अडवू दिली नाही. आपल्या देहावर आलेला मळ त्यांनी क्षमा केला. मुलींच्या विद्येवर आलेले संकट क्षमा केले नाही.

पुढे १८९७ साली पुण्यात प्लेगचा कहर झाला. रोग्याला शिवावयास कोणी धजत नव्हते, त्या वेळी सावित्रीबाई पुत्र डॉ. यशवंत यांच्या हडपसरजवळील दवाखान्यात रुग्णांना पोचवीत होत्या. मुंढव्याच्या एका प्लेगग्रस्त मुलाला त्यांनी स्वतः पाठीवर घेऊन आणले. त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. ज्या नगराने शेण दिले, त्या नगरासाठी त्यांनी प्राण दिला.

या चरित्रातील एक गोष्ट मठाच्या भक्तांनी विशेष ध्यानी घ्यावी. शेण फेकणारे लोक चोर वा दरोडेखोर नव्हते. ते देवपूजा करणारे, व्रतवैकल्ये पाळणारे होते, आणि आपण धर्माचे रक्षण करीत आहोत अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. उद्धटपणा कपाळी गंध लावूनही येतो.

सोसण्याला मर्यादा नसली म्हणजे काय होते, याचे दारुण उदाहरण मुंबईत घडले. परळच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथल्याच एका सफाई कामगाराने प्राणघातक अत्याचार केला. त्यांनी त्याला कामावरून समज दिली होती, हाच काय तो राग. त्यानंतर त्या कधीच शुद्धीवर आल्या नाहीत, आणि जवळजवळ ४२ वर्षे त्याच रुग्णालयात अंथरुणास खिळून होत्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. या दीर्घ काळात परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. ज्यांनी त्यांना कधी चालताबोलताना पाहिले नव्हते अशा मुलींनीही त्यांना न्हाऊमाखू घातले, भरविले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने या सेवेचा मुक्तकंठाने गौरव केला. अशी शुश्रूषा जगात विरळा. परंतु तिचा गौरव करताना हेही म्हटले पाहिजे की, त्या परिचारिकेच्या रक्षणाचा भार समाजावर होता आणि त्यात समाज उणा पडला.

आपल्या मध्यप्रदेशातही, १ एप्रिल २०२० रोजी, करोनाच्या साथीत, इंदूरच्या टाटपट्टी बाखल भागात तपासणीस गेलेल्या आरोग्यपथकावर जमावाने दगड फेकले. दोन महिला डॉक्टर जखमी झाल्या. दुसऱ्याच दिवशी त्या पुन्हा त्याच वस्तीत कामाला गेल्या. लोक भयाने आणि अफवांनी आंधळे झाले आहेत, हे त्यांनी ओळखले होते. मात्र त्या परत गेल्या तेव्हा रक्षणास पोलीस होते, आणि त्याच महिन्यात साथरोग कायद्यात दुरुस्ती होऊन आरोग्यसेवकांवरील हल्ल्यास तीन महिने ते पाच वर्षे, आणि गंभीर दुखापत झाल्यास सात वर्षांपर्यंत कारावास ठरविला गेला. वैद्यकीय सेवकांच्या संरक्षणार्थ मध्यप्रदेशात २००८ साली आणि महाराष्ट्रात २०१० साली स्वतंत्र कायदे झालेले आहेत. सेविकेने मनात क्षमा ठेवावी आणि शासनाने हातात दंड ठेवावा, यांत विरोध नाही.

मोहगावकरांना हे समजाविण्यासाठी दूर जावयास नको. या गावी अर्धनारीश्वराचे स्थान आहे. एकाच देहात शिवाची उग्रता आणि शक्तीची मृदुता नांदते. दोहोंपैकी एकही अंग काढून टाकता येत नाही. सेवकाचे वर्तन असेच असावे. भयाने वा वेदनेने ओरडणाऱ्यासाठी मृदू अंग. मद्याच्या धुंदीत वा अधिकाराच्या मदात हात उगारणाऱ्यासाठी कठोर अंग. ‘हे बोलणे येथे चालणार नाही’ हे वाक्य शांत आवाजात, एकदाच आणि ठामपणे उच्चारावे. एकट्याने थांबू नये. वरिष्ठांना व सहकाऱ्यांना हाक द्यावी. दारापासची वाट मोकळी ठेवावी. घडले ते लिहून ठेवावे. यात भित्रेपणा नाही आणि द्वेषही नाही.

आता शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. परिचारिकेवर ओरडणारा मनुष्य कोण असतो? तो कोणा परक्या देशाचा नसतो. तो सौसरच्या, छिंदवाड्याच्या वा नागपूरच्या दवाखान्यात आपले माणूस घेऊन गेलेला, येथलाच कोणी भाविक असतो. गुरुवारी मठात नाथांची कथा ऐकून डोळे पुसावे आणि शुक्रवारी दवाखान्यात ‘तुला काही समजते का?’ असे परिचारिकेला म्हणावे, तर ती कथा कानांपर्यंतच पोचली. औषध संपलेले असते, डॉक्टर दुसऱ्या रुग्णाकडे गुंतलेले असतात, खाट रिकामी नसते. यांतील एकही गोष्ट त्या मुलीच्या हाती नसते, परंतु समोर तीच उभी असल्यामुळे सर्वांचा राग तिच्यावर निघतो. तक्रार खरी असेल तर ती अवश्य करावी. पण ती लेखी करावी आणि ज्याच्या हाती उपाय आहे त्याच्याकडे करावी.

गीतेने वाणीच्या तपात उद्वेग न देणारे, सत्य, प्रिय आणि हितकर बोलणे सांगितले आहे. त्या तपाचे आचरण भक्तांनी असे करावे. रुग्णाबरोबर जाताना घरातील एकानेच बोलावे, जुन्या चिठ्ठ्या सोबत न्याव्यात, विचारल्याचे नेमके उत्तर द्यावे. मुलाने शिक्षकाविषयी काही सांगितले तर शिक्षकाचेही ऐकून घ्यावे, आणि मुलादेखत त्यांना टाकून बोलू नये. कारण गुरूचा अपमान पाहिलेले मूल विद्येवरची श्रद्धा गमावते. दवाखान्यात कोणी आवाज चढविला तर तमाशा पाहत उभे न राहता त्या सेविकेच्या शेजारी जाऊन उभे राहावे. या गावातील शेकडो भक्तांनी एवढे एक व्रत धरिले, तरी या पंचक्रोशीतील कितीतरी लेकीसुना निर्भयपणे रात्रपाळी करतील.

आजारी पडल्यावर शुश्रूषा सर्वांनाच हवी असते. तिचा अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे, आणि ती इच्छा खाटेच्या दोन्ही बाजूंना असली पाहिजे. श्रीगुरू ती सर्वांच्या ठिकाणी उत्पन्न करोत, एवढी प्रार्थना करून हे व्याख्यान पूर्ण होते.

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥