दर दोन तासांनी कूस



आम्ही डॉक्टर नव्हेत. शाळा सातवीला सुटली. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा पाठीच्या कण्याविषयी आम्ही काय बोलणार, असे कुणास वाटले तर त्यात वावगे नाही. पण आमचा एक सोबती परांचीवरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. आम्ही मोर्चा काढला, अर्जांवर अर्ज केले, दीड वर्षाने नुकसानभरपाई मिळवली. चेक घेऊन घरी जातो, तो त्याच्या माकडहाडावर तळहाताएवढी जखम! रात्री याला कुशीवर कोण वळवते, हे आमच्यापैकी एकानेही कधी विचारले नव्हते. त्या जखमेनेच तो गेला.

मग आम्ही वाचू लागलो. लुडविग गुटमान हे ज्यू मज्जाशल्यवैद्य १९३९ साली हिटलरच्या जर्मनीतून इंग्लंडात आले. १९४४ च्या फेब्रुवारीत स्टोक मँडेव्हिल येथे कणा मोडलेल्या सैनिकांचा विभाग त्यांच्या हाती आला. असा रोगी फार काळ जगत नाही, अशीच तेव्हाची समजूत. पण मारत होता तो मोडलेला कणा नव्हे. मारत होती अंथरुणाने पडलेली जखम आणि लघवीच्या मार्गातला जंतुदोष. तुम्ही-आम्ही झोपेतही नकळत कूस बदलतो. ज्याची संवेदनाच गेली, त्याला अंग रुतल्याचे कळत नाही; हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चेपते, रक्त अडते, मांस मरते. उपाय काय, तर दर दोन तासांनी रोग्याला वळवायचे. रात्रीसुद्धा! याला औषध लागत नाही, माणसे लागतात.

पुढे त्यांनी रोग्यांना सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, टंकलेखन यांना लावले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनादिवशीच, चाकाच्या खुर्चीवरील १६ जणांची तिरंदाजी ठेवली. त्याच परंपरेतल्या १९७२ च्या हायडेलबर्ग येथील स्पर्धेत आपल्या सांगली जिल्ह्यातले, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अधू झालेले मुरलीकांत पेटकर ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. टाळ्या अवश्य वाजवा. आम्हांस मात्र, खरे सांगायचे तर, घड्याळदुरुस्ती अधिक मोलाची वाटते. पदक एखाद्याला मिळते, पगार सर्वांना लागतो.

यंदाच्या मागणीपत्रात आम्ही पैशाखेरीज तीन गोष्टी घातल्या: चाकाची खुर्ची, बसून करता येईल असे काम, आणि संडासाच्या पायऱ्यांच्या जागी उतार. खुर्ची मान्य झाली. कामाचे पाहू म्हणतात. उतारावर बोलणी अडली आहेत. सोमवारी पुन्हा बसायचे आहे.