बुडीत मोटारीचा सौदा

तळेरे येथे विजयदुर्ग–कोल्हापूर रस्ता मुंबई–गोवा महामार्गास छेदितो. अशा नाक्यावरील गृहस्थास स्वतःची मोटार असावीशी वाटणे स्वाभाविकच होय. परंतु ती अल्प मोलात मिळू लागली, म्हणजे तिचा पूर्वेतिहास विचारण्याचे भान पुष्कळांस राहत नाही.

याच महामार्गावरील चिपळूण २२ जुलै २०२१ रोजी महापुरात बुडाले, तेव्हा मोटारीही चिखलात गेल्या. दुरुस्तीचा खर्च विम्यातील ठरीव किमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असल्यास विमा कंपनी ‘पूर्ण नुकसान’ मानून भरपाई देते. उरलेली गाडी भंगाराच्या भावाने विकली जाते. मात्र तीच पुढे धुऊनपुसून बाजारात येऊ शकते.

असा सौदा सर्वथा त्याज्य नव्हे. केवळ पत्रा चेपला असेल, तर इजा डोळ्यांस दिसते व खर्चाचा अदमास बांधता येतो. पाण्याचे दुखणे मात्र छुपे असते. तारांच्या जोडांत शिरलेला ओलावा कित्येक महिन्यांनी गंज आणितो. आणि करूळ घाटाच्या उतारावर ब्रेकची यंत्रणा बिघडली, तर वाचलेल्या पैशांचा काय उपयोग?

म्हणून आसनाचा पट्टा पूर्ण ओढून चिखलाची रेघ पाहावी, गालिचाखालचा पत्रा तपासावा, विम्याच्या जुन्या दाव्यांची चौकशी करावी. सांगाड्यावरील व इंजिनावरील क्रमांक नोंदणीपत्राशी ताडावेत. कारण निकामी गाडीच्या कागदांवर चोरीची गाडी खपविणारेही असतात. किंमत आणि दुरुस्ती यांची बेरीज बाजारभावाहून पुष्कळ कमी राहील, तरच विसार द्यावा.