अंदाजाचा आकडा आणि त्याचा पल्ला



पिकाच्या उत्पादनाचा अंदाज सांगणारी साधने आज आपल्या हाताशी भरपूर आहेत. त्यांच्यावर भरवसा किती ठेवायचा, एवढ्याच प्रश्नावर मी बोलणार आहे. माझे ठाम मत असे, की तो भरवसा शेताशेतातल्या चढउतारावर ठरतो आणि हा चढउतार आपण लोकांना सांगत नाही.

अंदाजाचा पाया असलेला पीक कापणी प्रयोग पाहा. गटनंबर यदृच्छ निवडीने निघतो, पावले मोजून कोपरा धरला जातो, खुंट्या आणि दोरीने १० बाय ५ मीटरचा प्लॉट आखतात आणि त्यातले सोयाबीन कापून, मळून तोलतात. दोरीवरचे झाड आत धरायचे की बाहेर, हे तिथे उभा असलेला माणूस ठरवतो. प्लॉट लहान असेल तर काठावरची अशी झाडे उत्पन्न फुगवतात, हे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकातच दाखवून दिले होते. उपग्रहावर आधारलेली प्रारूपेसुद्धा शेवटी याच तराजूवरच्या वजनाशी पडताळली जातात.

पंतप्रधान पीक विमा योजनेत महसूल मंडळाला एका पिकाचे किमान १० प्रयोग होतात. मराठवाड्यातल्या एकाच मंडळात खोल काळी जमीन असते आणि माळावरची मुरमाडही. ऑगस्टात पावसाने ओढ दिली की माळावरच्या शेंगा पोचट राहतात, काळीतले पीक तग धरते. अशा ठिकाणी प्रमाण विचलन सरासरीच्या ४० टक्के धरू. मग १० प्रयोगांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी १३ टक्क्यांच्या घरात जाते आणि ९५ टक्के खात्रीचा पल्ला दोन्ही बाजूंना पाव हिश्श्याहून मोठा होतो. त्रुटी निम्मी करायची तर प्रयोग ४० हवेत. इकडे भरपाई मात्र उंबरठा उत्पन्नाच्या, म्हणजे हमी दिलेल्या उत्पन्नाच्या, एका रेषेवर ठरते. रेषेच्या जरा वर आलेल्या मंडळातल्या शेतकऱ्याला आपण कोणत्या तोंडाने सांगणार, की तुझे नुकसान झालेच नाही?

प्रारूपांची अचूकता सांगतानाही आपण बहुधा जिल्ह्याची सरासरी पुढे करतो. तिथे कमी-जास्त एकमेकांत जिरते, म्हणून आकडे देखणे दिसतात. मंडळाच्या पातळीवर तोच देखणेपणा टिकत नाही, आणि शेतकऱ्याचा हिशेब मंडळावरच होतो.

आणखी एक. उंबरठा उत्पन्न काढताना सात वर्षांतली सर्वांत चांगली पाच वर्षे धरतात. हमी ठरवण्यासाठी ते योग्यच आहे. पण अंदाजाचे प्रारूप घडवताना वाईट वर्षे ‘अपवाद’ म्हणून गाळली, तर ज्या वर्षी त्याची खरी गरज लागेल त्याच वर्षी ते तोंडघशी पडेल. दुष्काळाची वर्षे विदेत राहिलीच पाहिजेत.

कृषिसांख्यिकीच्या या परिषदेने ठराव करावा, अशी माझी विनंती आहे. प्रत्येक मंडळाच्या आकड्यासोबत प्रयोगांची संख्या आणि पल्ला छापला जावा. जिथे पीक फार विषम दिसते, तिथे जादा प्रयोग द्यावेत. ती मंडळे उपग्रहाच्या चित्रांवरून पीक उभे असतानाच हेरावी लागतील, कारण सोयाबीन काढणीला आले की शेते रिकामी व्हायला वेळ लागत नाही.